गल्ल्यामागची बाग

जॉर्जियाच्या नैऋत्य भागात नोव्हेंबर हा पिकानचा महिना. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोगणती बागा, सरळ रांगांत लावलेली उंच झाडं, खाली वाळक्या पानांचा खच आणि त्या पानांत दडलेली बोटाच्या दोन पेरांएवढी लांबट फळं. पिकान अक्रोडाच्याच कुळातलं, पण कवच पातळ आणि गुळगुळीत, गर अधिक गोड आणि अधिक तेलकट. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या सुक्यामेव्याच्या दुकानांत ते अलीकडे दिसू लागलंय. २०२३ च्या अर्थसंकल्पात भारत सरकारनं त्यावरचं आयात शुल्क १०० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणलं, तेव्हापासून इथल्या बागायतदारांच्या बोलण्यात भारताचं नाव येतं. पण मला लिहायचंय ते त्या आधीच्या काळाबद्दल. पिकान विकणाऱ्याच्या दुकानामागेच त्याची बाग असायची, त्या काळाबद्दल.

ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही १९८३ मध्ये ऑल्बनीला राहायला आलो. फ्लिंट नदीकाठचं हे शहर डोहर्टी काउंटीचं मुख्य ठिकाण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पिकानच्या व्यापाराचं केंद्र म्हणून त्याची ख्याती. शहरात सुपरमार्केटं होतीच, पण पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजींनी मला बजावून सांगितलं, की पिकान पाकिटातलं घ्यायचं नाही, गावाबाहेर जायचं आणि ज्याचं झाड त्याच्याकडून घ्यायचं. त्यांनीच मला गाडीत घालून नेलं.

दुकान म्हणजे पांढऱ्या रंगाचं लाकडी घर, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत दोन बाकडी आणि अंगणात एकुलता एक पेट्रोलचा पंप. आत शिरलं की तेल पाजून पाजून काळी झालेली फळ्यांची जमीन, मधोमध लोखंडी शेगडी आणि तिच्याभोवती टोप्या घातलेले तीन-चार म्हातारे शेतकरी. एका भिंतीला ओव्हरऑल, हातमोजे, कंदिलाच्या काचा. दुसऱ्या भिंतीला बियाण्यांचे खण. काउंटरवर काचेखाली चीजचं मोठं गोल चाक, त्यातून हवा तेवढा तुकडा कापून मेणकागदात बांधून मिळे. बर्फाच्या पेटीत कोकच्या बाटल्या. बाटलीतला एक घोट प्यायचा आणि मोकळ्या जागेत खारे दाणे ओतायचे, ही इकडची जुनी सवय मी तिथेच पाहिली. आणि दाराशी मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकडत असलेल्या शेंगा! माझं बालपण सातारा जिल्ह्यातलं. इतक्या दूर येऊन त्या वासानं मला जो आधार दिला, तो मी आजवर विसरलेले नाही.

गल्ल्यावर मालकीणबाई बसत. त्यांची बोटं नखांपर्यंत काळी पडलेली असत. पिकानच्या बाहेरच्या हिरव्या सालीचा डाग असा बसतो, की साबणानं धुवून जात नाही, कातडीबरोबरच उतरतो. दुकानामागच्या खिडकीतून त्यांची बाग दिसे. नवरा आणि धाकटा मुलगा बागेत, थोरली सून मागच्या पडवीत फळं निवडायला, नातवंडं शाळेतून आली की पोती शिवायला. गिऱ्हाईक म्हणालं, "हे जरा तेलकट लागतंय," तर बाई खिडकीतून हाक मारून नवऱ्याला विचारत, की हे कुठल्या ओळीतलं? आणि त्याला ते ठाऊक असे.

तिथली एक गोष्ट मी फार लक्षपूर्वक पाहात असे. दुकान पिकान विकत होतं तसंच विकत घेतही होतं. या भागात जवळजवळ प्रत्येक जुन्या घराच्या अंगणात पिकानचं एखादं झाड असतंच. शरद ऋतूत लोक बादल्या, पिशव्या, गोणपाटाची पोती भरून अंगणातला माल दुकानात आणत. त्याचा भाव ठरे तो समोरासमोर. बाई बादलीत कोपरापर्यंत हात घालून तळापासून मूठभर फळं काढत, वरवरची कधी घेत नसत. ती तोलत. मग काउंटरला पक्क्या बसवलेल्या दांड्याच्या यंत्रात एकेक फळ आडवं ठेवून फोडत. दांडा असा बेतानं दाबायचा की कवच तडकावं आणि आतला गर अखंड दोन पाकळ्यांत निघावा. सगळं कवच बाजूला सारून फक्त गर पुन्हा तराजूत. शंभर भार फळांत गर किती भार निघाला, तो त्या मालाचा 'पॉइंट'. निम्मं वजन गराचं असेल तर पन्नास पॉइंट. त्या दिवशी एका पॉइंटला जो दर असेल त्याला पन्नासानं गुणलं की पौंडाचा भाव निघाला. स्टुअर्ट जातीचा गर निम्म्याहून थोडा कमी भरतो, श्लायचा निम्म्याहून चांगला जास्त. पण पाऊस कमी झाला असेल, किंवा झाड गेल्या वर्षी लगडून यंदा विसाव्याला असेल, तर तेच झाड वेगळा आकडा देतं. पिकानची झाडं एक वर्ष भरभरून देतात आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतात.

आमच्या शेजारच्या आजी कृष्णवर्णीय होत्या, आयुष्यभर लोकांच्या घरी स्वयंपाक केलेल्या. त्या आपली बादली घेऊन काउंटरपाशी उभ्या राहात आणि तराजूच्या काट्यावरून डोळा हलवत नसत. आकडा ठरला की पैसे रोख. त्याच पैशांतून तिथेच साखर, लोणी, मक्याचं सिरप आणि नाताळासाठी नातवंडांना काहीबाही. उरलेले फुटके तुकडे बाई कागदात बांधून तसेच देत, कारण पायला तुकडेच बरे लागतात हे दोघींनाही माहीत होतं. त्या आजींकडूनच मी पिकान पाय शिकले आणि त्यांना मी पिकान घालून डिंकाचे लाडू दिले. अटलांटाच्या मराठी घरांत आज दिवाळीला पिकानची चिक्की सर्रास होते. ती चव आधी अशाच दुकानांतून आमच्या घरांत आली.

या बागा इथे आल्या त्यामागे एक मोठं संकट आहे. जॉर्जिया हा कापसाचा मुलूख. १९१५ च्या सुमारास कापसाच्या बोंडांवरचा भुंगा टेक्सासकडून सरकत सरकत इथे पोचला आणि दहा वर्षांच्या आत कापसाखालची जमीन जवळजवळ निम्म्यावर आली. त्याच्या थोडं आधीपासून ऑल्बनीभोवती पिकानच्या जमिनींचा बाजार तापला होता. कंपन्या मोठाले मळे विकत घेऊन रोपं लावत आणि पाच-पाच, दहा-दहा एकरांचे तुकडे दूरच्या राज्यांतल्या लोकांना विकत. झाड हाताशी यायला सात-आठ वर्षं लागतात, पुरतं भरायला त्याहून अधिक. पुष्कळांचा धीर सुटला. जमिनी हळूहळू इथल्याच कुटुंबांच्या हाती आल्या. ज्यांचं रस्त्यावर दुकान होतं त्यांनी बाग घेतली, ज्यांची बाग होती त्यांनी रस्त्यावर टपरी टाकली. ईशान्येला फोर्ट व्हॅलीच्या पिअर्सन कुटुंबाची शेती तर १८८५ पासूनची, पीच आणि पिकान दोन्हींची. ती आजही त्याच घराण्याकडे आहे.

तेव्हाची तोडणी आणि आताची तोडणी यांत जमीन-अस्मानाचा फरक. आधी पुरुष झाडावर चढत किंवा खालून बांबूच्या लांब काठ्यांनी फांद्या झोडत. बायका आणि मुलं थंडीत, दंवात भिजलेल्या पानांत गुडघे टेकून फळं वेचत. मोबदला पुष्कळदा पैशांत नसे, वेचलेल्या मालाचा निम्मा वाटा मिळे. तो वाटा घेऊन ती माणसं त्याच मालकाच्या दुकानात जात. आता रबराच्या उशा लावलेला यंत्राचा चिमटा खोडाला घट्ट धरतो, पाच-सात सेकंद थरथरवतो आणि सगळं झाड रिकामं होतं. त्या आवाजाची सवय मला झाली नाही. मागून झाडणारं यंत्र फळांच्या ओळी लावतं, त्यामागून उचलणारं यंत्र फळं घेतं आणि पाचोळा उडवून देतं. ज्या कामाला पूर्वी शंभर हात लागत, ते आता चार माणसं करतात. गुडघे टेकून वेचणाऱ्या त्या बायांचे कष्ट वाचले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांच्या हाती नाताळाआधी येणारे चार पैसेही त्याबरोबर गेले.

रस्त्यांची कथा निराळी. अटलांटाहून फ्लोरिडाला जाणारा जुना रस्ता म्हणजे यू. एस. ४१. तो प्रत्येक गावाच्या पोटातून जाई: पेरी, व्हिएना, कॉर्डील, टिफ्टन, वाल्डोस्टा. फ्लोरिडाच्या उन्हाला निघालेली उत्तरेकडची माणसं गावोगावी थांबत आणि पिकान घेत. जॉर्जियाच्या दुसऱ्या अंगाला ईस्टमन गावी डब्ल्यू. एस. स्टकी यांनी १९३७ मध्ये अशाच एका रस्त्याच्या कडेला पिकानची टपरी टाकली. आजीकडून ३५ डॉलर उसने घेऊन त्यांनी पिकानच्या खरेदी-विक्रीला हात घातला होता. त्यांच्या पत्नी एथेल घरच्या स्वयंपाकघरात मिठाई करत. पांढऱ्या गोड नोगाच्या वळकटीवर कॅरॅमल आणि वर पिकानचा थर, असा त्यांचा 'पिकान लॉग रोल' देशभर गेला. साडेतीनशेच्या वर दुकानं झाली. १९६४ मध्ये स्टकींनी तो व्यवसाय एका मोठ्या कंपनीत विलीन केला आणि पुढे दुकानांमागून दुकानं बंद पडली. १९८० च्या दशकात त्यांच्या मुलानं नाव परत विकत घेतलं. २०१९ मध्ये नात स्टेफनी स्टकी हिनं आयुष्याची बचत घालून कंपनी हाती घेतली आणि दोन वर्षांनी रेन्स गावातला पिकान आणि मिठाईचा कारखानाच घेतला. आजोबांनी पिकान विकत घेण्यापासून सुरुवात केली, नातीनंही पिकानपाशीच परत यावं, हे मला फार योग्य वाटतं.

१९७० च्या दशकात आय-७५ हा महामार्ग जॉर्जियातून पुरा झाला आणि यू. एस. ४१ वरची वर्दळ ओसरली. महामार्गाला लागून ज्यांना जमीन मिळाली ते टिकले. व्हिएनाजवळच्या एलिस ब्रदर्स यांचं पिकानचं दुकान १९४४ पासूनचं, आज ते आय-७५ च्या प्रवाशांवर चालतं आणि त्यांच्या पाट्या मैलभर आधीपासून दिसू लागतात. जे आतल्या रस्त्यांवर राहिले त्यांची पडवी आधी रिकामी झाली, मग पंप गेला, मग दार.

इथवर लिहून थांबले तर ते अर्धंच होईल. मला ज्या दुकानानं जवळ केलं, तशाच दुकानांत मागच्या पिढीत आमच्या शेजारच्या आजींना काय वागणूक मिळे, हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं आहे. आधी आत आल्या असल्या तरी नंतर आलेल्या गोऱ्या गिऱ्हाइकाचं काम होईपर्यंत बाजूला उभं राहायचं. कपडा अंगाला लावून बघायचा नाही. त्यांचे वडील वाट्यानं शेती करत. बियाणं, खत, पीठ, तेल सगळं दुकानातून पुढच्या पिकावर उधार. हिशेबाची वही मालकाकडे. हंगाम संपल्यावर मालक सांगेल तेवढं देणं आणि दर वर्षी थोडं शिल्लक, म्हणजे जमीन सोडून जायची सोय नाही. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या १९०३ च्या पुस्तकात नेमक्या याच डोहर्टी काउंटीतून प्रवास करून या कर्जाचं वर्णन केलं आहे. आपल्याकडच्या खेड्यांतल्या सावकारी वह्यांच्या गोष्टी ज्यांनी आजोबांकडून ऐकल्या आहेत, त्यांना हे नव्यानं समजावून सांगायला नको.

आणि खुद्द पिकानच्या बागाच घ्या. जंगली पिकान बी लावून वाढवलं तर आईसारखं फळ देईल याची खात्री नसते. एकसारख्या मालाची बाग उभी राहते ती कलमामुळे. पिकानची यशस्वी कलमं पहिल्यांदा बांधली ती १८४० च्या दशकात लुइझिआनाच्या ओक अ‍ॅली मळ्यावरच्या अंतवान नावाच्या माळ्यानं. तो गुलाम होता. आडनावाचीसुद्धा नोंद नाही. त्यानं सिद्ध केलेल्या जातीला १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं आणि तिचं नाव 'सेंटेनिअल' पडलं. आज जगात कुठेही पिकानची व्यापारी बाग असली, तरी तिची सुरुवात या माणसाच्या हातात आहे. दुकानांच्या पाट्यांवर घराण्यांची नावं अभिमानानं रंगवलेली असतात. त्यांत अंतवानचं नाव लिहायला जागा व्हायला हवी.

ऑल्बनीपासून उत्तरेला अमेरिकस गाव आहे, जिमी कार्टर यांच्या प्लेन्सच्या शेजारचं. कार्टर यांच्या वडिलांचंही शेतावर घराजवळ दुकान होतं. आर्चरीचं ते शेत आता राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे आणि दुकान आत जाऊन पाहता येतं. अमेरिकसजवळच १९४२ मध्ये क्लॅरेन्स आणि फ्लॉरेन्स जॉर्डन यांनी दुसऱ्या एका जोडप्याबरोबर कोइनोनिया नावाची शेती सुरू केली. गोरे आणि काळे एकत्र राहतील, एका पंगतीत जेवतील, सारखी मजुरी घेतील, असा तिथला नियम. १९५६ पासून गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. बियाणं विकायचं नाही, खत द्यायचं नाही, पेट्रोल भरायचं नाही. त्यांचं रस्त्याकडचं दुकान बाँबनं उडवलं. घरांवर गोळ्या झाडल्या. शेतमाल विकायची सगळी दारं बंद झाल्यावर त्यांनी पिकान टपालानं देशभर पाठवायला सुरुवात केली, कारण टपालखात्याला बहिष्कार घालता येत नव्हता. मागणी आली आणि शेती वाचली. तो व्यवसाय आजही चालू आहे. मी त्यांची पाकिटं नाताळाला लोकांना देते, तेव्हा ही हकीकत सोबत सांगते.

आणि दुसरी हकीकत तर आपल्या घरची म्हणावी अशी आहे. १९६९ मध्ये चार्ल्स आणि शर्ली शेरॉड यांनी ऑल्बनीजवळच्या ली काउंटीत सहकाऱ्यांसह सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली आणि 'न्यू कम्युनिटीज' ही संस्था उभी केली. देशात कृष्णवर्णीयांच्या मालकीचा तेव्हा हा सगळ्यात मोठा जमिनीचा तुकडा. जमीन कुणा एकाची नाही, सगळ्यांच्या विश्वस्त मंडळाची. घर आणि पीक मात्र कसणाऱ्याचं. ही कल्पना मांडणाऱ्यांपैकी रॉबर्ट स्वॉन यांच्यासमोर एक प्रत्यक्ष उदाहरण होतं: विनोबांचं ग्रामदान. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या आणि पवनारला राहणाऱ्या आपल्या विनोबांचा विचार जॉर्जियाच्या लाल मातीत येऊन रुजला, हे मला इथे कितीतरी वर्षं राहिल्यावर कळलं आणि त्या दिवशी मी रात्रभर जागी होते. त्या लोकांनी शेंगा, मका, कलिंगडं पिकवली, डुकरं पाळली, रस्त्याकाठी स्वतःचं दुकान चालवलं. सलग दुष्काळ पडला. गोऱ्या शेतकऱ्यांना मिळणारं सरकारी कर्ज त्यांना वेळेवर मिळालं नाही. १९८५ मध्ये जमीन गेली.

पुढे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी केंद्रीय शेती खात्याविरुद्ध लढलेल्या दाव्यात २००९ मध्ये न्यू कम्युनिटीजला सव्वा कोटी डॉलरच्या घरातली भरपाई मिळाली. २०११ मध्ये त्यांनी ऑल्बनीबाहेर सोळाशेहून अधिक एकरांचा सायप्रस पाँड हा मळा विकत घेतला. एके काळी तो शेकडो गुलाम बाळगणाऱ्या जमीनदाराचा होता. आज तिथे पिकानच्या बागा आहेत आणि त्या बागांचा माल न्यू कम्युनिटीज विकते. चार्ल्स शेरॉड २०२२ मध्ये गेले. माझ्या मते नैऋत्य जॉर्जियात पाहण्यासारखी एकच जागा असेल तर ती हीच.

आता आजचं चित्र. आतल्या रस्त्यांवर जिथे जुनं दुकान होतं, तिथे पुष्कळ ठिकाणी डॉलर जनरलची पिवळी पाटी दिसते. देशभरात त्यांची वीस हजारांवर दुकानं झाली आहेत. स्वस्त माल मिळतो, उशिरापर्यंत मिळतो, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांची सोय होते. पण अंगणातल्या पिकानची बादली घेऊन तिथे जाता येत नाही. तिथला व्यवहार एकाच बाजूनं चालतो: गावातून पैसे आत जातात, गावाचा माल आत जात नाही. पेट्रोल पंपांच्या दुकानांत बरेचदा गुजराती कुटुंबं भेटतात. पहाटे दार उघडणं, मुलांनी गल्ल्यामागे बसून गृहपाठ करणं, आजीनं देवाला उदबत्ती लावणं, सगळं घरचं. कष्ट करणारं कुटुंब पुन्हा गल्ल्यावर आलं याचं मला समाधान आहे. पण माल दूरच्या गोदामातून ट्रकनं येतो, आणि मागच्या खिडकीतून दिसणारी बाग त्यांची नसते.

बागांवर तर एकामागून एक आघात झाले. २००७ नंतर चीननं अचानक पिकान विकत घ्यायला सुरुवात केली, कवचासकट, भाजून-मुरवून नववर्षाला खायला. भाव चढले, इतके की रात्री बागांत शिरून पोती भरून नेण्याचे प्रकार वाढले. नव्या बागांची लागवड झपाट्यानं झाली. २०१८ मध्ये व्यापारयुद्धात चीनचं शुल्क ४७ टक्क्यांवर गेलं आणि भाव घसरले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, तोडणी नुकती सुरू होत असताना, मायकेल हे चक्रीवादळ फ्लोरिडातून थेट आमच्या अंगावर आलं. एवढं जोरदार वादळ जॉर्जियात एकोणिसाव्या शतकानंतर शिरलं नव्हतं. राज्याचं जवळपास निम्मं पीक गेलं. पण पीक पुढच्या वर्षी येतं. ज्या झाडांनी शंभरी गाठली होती ती मुळांसकट आडवी झाली. मुळांना चिकटलेला लाल मातीचा गोळा माणसापेक्षा उंच आणि त्याखाली पाण्यानं भरलेला खड्डा, अशा ओळीच्या ओळी मी पाहिल्या. पंजोबांनी लावलेलं झाड पणतूला करवतीनं कापावं लागलं. नवं रोप लावून फळ हाती यायला पुन्हा सात-आठ वर्षं. साठीतल्या शेतकऱ्यानं नवी रोपं लावायची का नाही, हा प्रश्न त्या हिवाळ्यात घराघरांत होता. पुष्कळांनी लावली. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळानं राज्याच्या पूर्वेकडच्या बागा अशाच झोपवल्या.

मला ज्या दुकानानं पहिला आधार दिला ते आता नाही. बाग आहे, पण ती मोठ्या शेतीला जोडली गेली आहे आणि तिचा माल थेट सोलण्याच्या कारखान्यात जातो. कारखान्यात पॉइंट आजही काढतात, माल घेण्याची तीच रीत आहे. मात्र फळ फोडणारी व्यक्ती आणि ज्याचं झाड ती व्यक्ती एकमेकांसमोर उभी नसतात. मला खरी उणीव जाणवते ती इथे. चीजच्या चाकाची, शेगडीची, बाकड्यांची आठवण येते, पण ती गेल्याचं दुःख फारसं नाही. पिकवणारा, विकणारा आणि खाणारा एका तराजूभोवती उभे असत आणि काटा तिघांना दिसत असे, ते पुन्हा व्हायला हवं असं मला वाटतं. आमच्या आजींच्या वडिलांना तोही काटा दिसू दिला गेला नव्हता. म्हणून जुन्या दुकानांचं कौतुक करताना मला कोइनोनिया आणि न्यू कम्युनिटीज यांचीच नावं पुढे ठेवावीशी वाटतात. बाग, दुकान आणि हिशेब एकत्र ठेवूनही सगळ्यांना आत घेता येतं, हे त्यांनी करून दाखवलं.

अटलांटातली आपली कितीतरी मराठी कुटुंबं दर हिवाळ्यात आय-७५ नं ऑरलँडोला जातात, आणि ही बागांची सगळी पट्टी झोपेत किंवा फोनवर पार होते. त्यांना माझी विनंती आहे. येत्या नोव्हेंबरात फोर्ट व्हॅलीला किंवा व्हिएनाला खाली उतरा. वेळ असेल तर अमेरिकसपर्यंत जा. दुकानात शिरल्यावर बाग कुणाची, कुठली जात, यंदाचं की गेल्या वर्षीचं, हे विचारा. सांगणारा माणूस आनंदानं सांगेल. अंगणातलं पिकान विकत घेणारी किंवा पैसे घेऊन फोडून देणारी जागा दिसली तर तिथे मुद्दाम थांबा. कवचासकट घ्या, पाच पौंड घ्या, आणि घरी आल्यावर सोललेला गर हवाबंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर राहिला तर तेल खवट होतं, फ्रीजरमध्ये वर्षभर सहज टिकतो.